बाहेरचे जेवण

मराठीत 'बाहेरचे' हा शब्द फारशा गोड अर्थाने वापरला जात नाही. बाहेरचा माणूस, बाहेरची बाधा आणि बाहेरचे खाणे या तिन्हींपासून जपून असावे, असे आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे सांगत. पहिली दोन भये वयाबरोबर आपोआप ओसरली. तिसरे मात्र बडोद्यात राहून टिकण्यासारखेच नव्हते. रविवारची संध्याकाळ झाली, की या शहरातील असंख्य चुली सुट्टी घेतात. आमचे गुजराती शेजारी सहकुटुंब, म्हणजे आजीपासून तान्ह्या नातवापर्यंत, जेवावयास बाहेर पडतात. आणि गायकवाडांच्या चाकरीनिमित्त येथे येऊन पिढ्यान् पिढ्या मुरलेली आम्हा मराठी माणसांची कुटुंबेही आता त्याच वाटेने जाताना दिसतात.

आमचे आजोबा गायकवाड सरकारच्या एका कचेरीत कारकून होते. त्यांनी उभ्या आयुष्यात हॉटेलची पायरी चढल्याचे कोणाला आठवत नाही. कामानिमित्त मुंबईस जावयाचे झाले, की आजी दशम्यांचे गाठोडे बांधून देई आणि पाण्याचा तांब्या बरोबर असे. पीठ दुधात मळले असल्यामुळे दशमीला प्रवासातही विटाळ नाही, अशी त्यामागची शास्त्रोक्त सोय. आमची आई गोव्याची, फोंडे महालातील. तिच्या माहेरी हीच गोष्ट चार शब्दांत सांगत : 'भायलें खावप बरें न्हय'. देवदर्शनाला गेले तरी अग्रशाळेत उतरावे, देवाचा प्रसाद जेवावा आणि परत यावे. वाटेतल्या दुकानात फार तर शहाळे घ्यावे. शहाळे चालत असे, कारण ते देवाने बंद करून पाठविलेले असते.

या धाकाचे कारण विचारले, तर उत्तर स्वच्छतेचे मिळे. तेल कसले, पाणी कुठले, भांडी कशी घासली, हे प्रश्न काही खोटे नव्हेत. पण त्यांच्या आड आणखी एक प्रश्न बसलेला असे आणि तो मोठ्याने विचारण्याची गरजच नसे : शिजविले कोणी, आणि पंक्तीला बसले कोण?

तो प्रश्न किती कडक होता, याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासात जागोजाग आहे. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेद मोडण्याचे चिन्ह म्हणून एकत्र बसून पाव खात. पण खात ते बंद दाराआड. पुढे सभासदांची नावे फुटली आणि सभाच मोडली. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी ती घेतली, कोणी नुसती समोर ठेवून दिली. 'पुणे वैभव' पत्रात उपस्थितांची नावे छापून आली आणि एवढ्याशा चहाचा केवढा खटला उभा राहिला! शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी झाली, प्रायश्चित्ते सांगितली गेली. आरोपींत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. वकिलाच्या नजरेने पाहिले, तर हा खटला मोठा चमत्कारिक आहे. ज्याच्या लेखणीने दिलेले निकाल लोक निमूटपणे मानीत, त्या न्यायाधीशालाच एका पेल्याबद्दल आरोपी व्हावे लागले. आणि शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्तही घेतले.

आगगाडी आली तेव्हा एका डब्यात सर्वांनी बसणे ओघानेच आले. पण स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे निरनिराळे पुकारे पुढे कित्येक वर्षे होत राहिले. पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या एकट्या माणसांकरिता खाणावळी निघाल्या, त्यांतही आपापल्या मुलखाची आणि जातीची खाणावळ शोधण्याकडेच ओढा असे. कानडा किनाऱ्यावरून आलेल्यांनी उडुपी उपाहारगृहे काढली. माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासूनचे. केळीच्या पानावर वाढलेला तो स्वच्छ शाकाहार आमच्या कित्येक वाचकांच्या वाडवडिलांना परमुलखात घरासारखा वाटला असेल. रत्नागिरीत १९३३ साली सावरकरांनी सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह काढले, ते तर रोटीबंदी मोडण्याचे साधन म्हणूनच. त्याच साली बडोदे संस्थानात जातींच्या जुलमाला आळा घालणारा कायदा झाला. एकीकडे चहाचा पेला आणि दुसरीकडे कायद्याचे कलम. काम मात्र एकच होते.

आता आमच्या वस्तीतील उपाहारगृहाकडे वळू. ज्याला हल्ली 'फाइन डाइनिंग' म्हणतात, त्या वर्गात ते स्वतःला बसविते. टेबलांवर पांढरे शुभ्र कापड, त्यावर घडी घातलेले रुमाल, आणि दिवे इतके मंद, की जुन्या दस्तऐवजाप्रमाणे मेनूकार्ड डोळ्यांजवळ धरून वाचावे लागते. गुजरातेत १९६० पासून, म्हणजे राज्याच्या जन्मापासूनच, दारूबंदी आहे. त्यामुळे येथे उंच पेल्यांतून येतात ती लांबलचक विलायती नावांची सरबतेच. नावे सोडली तर त्यांत भिण्यासारखे काही नसते. वेटर अदबीने प्रथम विचारतो, 'जैन करायचे का?' कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असलेला गिऱ्हाईक येथे अपवाद नसून नेहमीचाच असतो. मग पनीर येते. तांबड्या रश्श्यात येते, पांढऱ्या रश्श्यात येते, हिरव्या रश्श्यातही येते. नाव दर वेळी वेगळे असते आणि पनीर तेच असते.

केवळ जिभेचा हिशेब मांडला, तर आमचा कौल रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या सेव-उसळीच्या बाजूने पडेल. मराठी उसळीने गुजराती शेव अंगावर घेतली, तर्रीचा झणझणीतपणा तेवढा कायम ठेवला आणि ती पक्की बडोदेकरीण झाली. दोन मुलखांच्या या सोयरिकीला कोणत्याही पुरोहिताची गरज पडली नाही. मग चौपट पैसे देऊन मंद उजेडात बसण्यास माणूस का जातो?

आमच्या मते याची दोन कारणे आहेत. पहिले, घरची गृहिणी तेथे सर्वांबरोबर बसून गरम अन्न जेवते. ज्या पंगतीची आपण एवढी थोरवी गातो, त्या पंगतीत ती शेवटी बसे. तोवर भात निवलेला असे आणि आमटीच्या तळाशी डाव लागलेला असे. आमच्या आईला आग्रह करकरून आम्ही पहिल्यांदा या उपाहारगृहात नेले, तेव्हा पोळी तव्यावरून उतरताच तिच्या ताटात आली. ती पोळी तिने जरा वेळ नुसतीच पाहिली आणि म्हणाली, 'फुगलेली पोळी मी वाढत आले, खाल्ली आजच.' 'भायलें' खाण्याविषयीचे आमचे पुढील सर्व वादविवाद त्या एका वाक्याने निकालात निघाले.

दुसरे कारण दाराशी आहे. रविवारी गर्दी असते, तेव्हा दाराशी एक तरुण वही घेऊन उभा असतो. तो दोनच गोष्टी विचारतो : नाव काय, आणि माणसे किती? नाव तरी कशासाठी? जागा झाली म्हणजे हाक मारता यावी यासाठी. आडनाव सांगितले नाही तरी त्याचे अडत नाही. गाव, कूळ, देव कोठला, हे तो विचारीत नाही. आपल्या लोकांत दोन अनोळखी माणसे भेटली, की तिसऱ्या वाक्याला कुलदेवतेची चौकशी होते आणि तीतून पुष्कळदा नातेही निघते. त्यातील गोडवा आम्हांस मान्य आहे. पण ज्याच्या उत्तरातून नाते निघत नाही, उलट दार बंद होते, त्या माणसाने काय करावे? फ्रेंचांच्या भाषेत 'रेस्तराँ' या शब्दाचा पहिला अर्थ थकल्याभागल्याला तरतरी आणणारा रस्सा असा होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये तो रस्सा मिळण्याच्या जागेलाच ते नाव पडले. थकलेला माणूस आत यावा आणि ताजा होऊन जावा, एवढेच त्या दाराचे मूळचे कर्तव्य.

असे एक दार बडोद्यात शंभरएक वर्षांपूर्वी हवे होते आणि ते नव्हते. ही गोष्ट पुस्तकांत नमूद आहे. तरीही ती प्रत्येक बडोदेकराने स्वतःच्या तोंडाने एकदा तरी सांगावी, असे आम्हांस वाटते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१३ साली एका बुद्धिमान तरुणास शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस शिकावयास पाठविले. करार असा, की परत आल्यावर त्याने दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. त्या कराराप्रमाणे तो तरुण १९१७ साली बडोद्यास आला. वय २६, कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण, राजाची नेमणूक. सर्व काही होते, फक्त उतरावयास जागा नव्हती. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

हिंदू हॉटेलात खरी जात सांगून जागा मिळणार नाही, हे ते जाणून होते. म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात गेले. तेथे केवळ पारशांनाच उतरता येई. रखवालदाराला उत्पन्नाची गरज होती. त्याने वहीत पारशी नाव लिहावयाचे ठरवून रोज दीड रुपयावर जेवणासह जागा दिली. वरच्या मजल्यावरील त्या अडगळीच्या दालनात दुसरा पाहुणा नव्हता. विजेचा दिवा नव्हता; रात्री रखवालदार एक लहानसा कंदील आणून ठेवी, आणि त्या उजेडात परदेशातून शिकून आलेला हा विद्वान एकटाच जेवी. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली डझनभर माणसे जिना चढून आली. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. शहरात दोन परिचित होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. पहिला म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. दुपारी चारपासूनचे ते पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले, आणि राजाची नोकरी सोडून ते परत गेले. बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते व लोक तेथे दर्शनास येतात.

आम्ही या घटनेचा विचार करतो, तेव्हा त्यात एका समाजाला दोष देण्यासारखे काही दिसत नाही. काठ्या पारशांच्या होत्या, नोकर हिंदूंचे होते आणि सबब ख्रिस्त्याची होती. महाराज उदार होते. पण राजाच्या औदार्यालाही खाणावळीच्या दारातून आत जाता येत नव्हते. शिष्यवृत्ती देण्यास एक माणूस पुरतो. भाकरी देण्यास सगळे गाव लागते.

या पार्श्वभूमीवर राज्यघटनेचा १५ वा अनुच्छेद वाचावा. १९५० पासून अमलात असलेल्या या अनुच्छेदाचा दुसरा खंड दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांची नावे घेऊन सांगतो, की धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला तेथे मज्जाव करता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या गंभीर प्रकरणात न्याय, स्वातंत्र्य, समता अशा भारदस्त शब्दांच्या शेजारी हॉटेलासारखा सामान्य शब्द येऊन बसला आहे, याचे विद्यार्थिदशेत आम्हांस आश्चर्य वाटे. पुढे कमाटी बागेतील ते पाच तास ठाऊक झाले, आणि तो शब्द तेथे का असावयास हवा होता, हे कळले. पुढे १९५५ चा अस्पृश्यता अपराध अधिनियम आला. १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात. त्याचे चौथे कलम दारापाशी न थांबता थेट टेबलापर्यंत जाते : उपाहारगृहात सर्वांसाठी ठेवलेली भांडी अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला वापरू न देणे, हाही अपराधच. शिक्षा एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंड. कायदा लिहिणाऱ्यांना पेल्याचे महत्त्व नेमके ठाऊक होते.

तथापि पुस्तकातील कलम आणि फळीवरील पेला यांची भेट व्हावयास पुष्कळ काळ लागतो. गुजरातच्या खेड्यांत दलितांसाठी बाजूला ठेवलेल्या कपाला 'रामपात्र' म्हणत आले आहेत. अपमानाला देवाचे नाव देण्याची ही हातोटी पाहून मन थक्क होते.

आमच्या कचेरीतील वृद्ध कारकून अशाच एका खेड्यातले. आमच्या वडिलांच्या वकिलीपासून ते आमच्याकडे होते. न्यायालये सुरसागराजवळच्या जुन्या न्यायमंदिरात भरत, तेव्हापासून दाव्यांच्या तारखा त्यांच्या तोंडी असत. ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपाचा हार व पाकीट देण्याऐवजी आम्ही त्यांना सहकुटुंब याच उपाहारगृहात जेवावयास बोलाविले. काका प्रथम नको म्हणाले, मग बुटांची चौकशी केली, आणि ठरल्या वेळेच्या आधी पंधरा मिनिटे, इस्त्रीचा सदरा घालून, दाराशी हजर झाले. वहीवाल्याने नाव लिहिले, वेटर पुढे आला व 'आवो काका, बेसो' म्हणून त्याने खुर्ची ओढून दिली.

मेनूकार्ड त्यांनी वादपत्राच्या शिरस्त्याने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या टीपेपर्यंत वाचले. जेवण संपण्यापूर्वीच त्यांनी मनाशी बेरीज करून, पाच टक्के कर धरून, आकडा आम्हांस सांगितला. बिल आले ते रुपयापर्यंत तेवढेच. काकू फारसे बोलल्या नाहीत. पण वेटर प्रथम त्यांना वाढीत होता, हे त्यांच्या ध्यानात आलेले आमच्या पत्नीने पाहिले. शेवटी चहा आला. काकांनी तो सावकाश घेतला, कप बशीत ठेवला आणि किंचित हसून ते म्हणाले, 'साहेब, हा आता विसळायचा नाही ना?'

आम्हांस क्षणभर अर्थबोध झाला नाही. मग त्यांनीच सांगितले. लहानपणी गावच्या चहाच्या टपरीवर वडिलांबरोबर ते जात. पैसे आधी फळीवर ठेवावयाचे, चहा वरून ओतला जावयाचा, आणि पिऊन झाल्यावर आपला कप आपण विसळून भिंतीतल्या कोनाड्यात परत ठेवावयाचा. तेव्हा कायदा होऊन दहा-बारा वर्षे झाली असतील. हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. जुन्या दाव्याची हकीगत सांगावी तसे ते बोलले. वेटरने येऊन तो कप उचलला आणि इतर कपांबरोबर एकाच तबकात ठेवून नेला. काकांची नजर त्या तबकाबरोबर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, की पैसे टाकून मिळणाऱ्या या आतिथ्याचे एवढे कौतुक कशाला? आमच्या देवळाच्या संतर्पणात खतखते, सोलकढी आणि मणगण्याचा जो आग्रह होतो, त्याची सर या विकतच्या अदबीला येईल काय? नाही येणार, आणि ती यावी असा आमचा दावाही नाही. पंगतीत प्रेम असते, स्मृती असते, वाढणाऱ्या हाताची ओळख असते. उपाहारगृहात यांतले काहीच नसते. वेटर उद्या दुसरीकडे नोकरी धरील आणि आम्हांस विसरेल. पण पंगतीच्या प्रेमाने ज्यांना पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांना या कोरड्या व्यवहाराने प्रथम खुर्ची दिली, हे पंगतीच्या अभिमान्यांनी प्रामाणिकपणे मानले पाहिजे. ते मानले, म्हणजे पंगतीनेही या व्यवहारापासून थोडे शिकावे, असे सुचविण्याचे धाडस होते : पान मांडताना माणसे किती हे मोजावे, ती कोणाची, हे मागाहून विचारावे, किंवा विचारूच नये.

अर्थात या दारालाही आता नवा अडसर बसत आहे. तो पैशाचा आहे आणि त्यावर घटनेचे कलम चालत नाही. अशाच एका उंची उपाहारगृहात आम्ही पाहिले, की आईबाप व मुले जेवीत होती आणि त्यांच्या घरी मूल सांभाळणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी खुर्चीमागे बाळाला घेऊन उभी होती. टेबलाला सहा खुर्च्या होत्या. माणसे बसली होती चार. तिला बसू नको असे कोणी म्हटले नव्हते. बस असेही कोणी म्हटले नव्हते. रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत चालक बसलेले असतात, त्यांच्या जेवणाची वेळही तीच असते.

यावर कायदा करा, असे आम्ही म्हणणार नाही. कायद्याच्या हाताची लांबी आम्ही रोज मोजतो. उपाय अगदी घरगुती आहे. रविवारी दाराशी तो तरुण 'माणसे किती?' असे विचारील, तेव्हा बरोबर आलेली सर्व माणसे मोजून आकडा सांगावा. मुलगी आली असेल तर तिच्यासह, चालक आला असेल तर त्याच्यासह. खुर्ची एखादी अधिक लागेल, बिल थोडे वाढेल. ज्या शहरात एका विद्वानाला जेवणासाठी खोटे नाव लिहावे लागले, त्या शहरातील वहीत खरा आकडा लिहिला जाणे, एवढे तरी आम्हा बडोदेकरांकडून घडावे.